कोमट तासांचा हिशेब

चाकण पट्ट्यातल्या घरांत जेवणाची वेळ शिफ्टवर ठरते. कुरुळी, निघोजे, चिंबळी, मोई या गावांत एकाच चाळीत एक जण पहाटे डबा घेऊन कंपनीच्या बसची वाट बघत असतो, दुसरा रात्रपाळी करून नुकताच परतलेला असतो आणि तिसऱ्याचं ताट झाकून ठेवलेलं असतं, कारण तो सेकंड शिफ्ट सुटल्यावर मध्यरात्री येणार. एकदा शिजवलेलं तीन वेळा वाढलं जातं. त्यात गावाकडचे पाहुणे न कळवता येतात आणि दुपारच्या आमटीत तांब्याभर पाणी जातं. नोकरीच अशी असेल तर त्याला इलाज नाही, आणि ‘रोज ताजंच खा’ असा उपदेश करणाऱ्यांनी एकदा रात्रपाळी करून बघावी. मात्र ‘हे अजून चांगलं आहे का?’ हे ठरवण्याची आपली रीत बदलायला हवी. आपण झाकण काढून वास घेतो, बोटाने चाखतो आणि शंका आलीच तर ‘एक उकळी काढ’ म्हणतो. या तिन्हींवर विसंबता येत नाही.

आंबलेला भात, तार सुटलेली उसळ, विटलेली भाजी नाकाला लगेच कळते आणि ती केरात जाते. तिने सहसा कोणी आजारी पडत नाही, कारण ती कोणी खातच नाही. माणसाला सलाइनवर नेणारे बहुतेक जंतू अन्नाचा वास बदलत नाहीत, चव बदलत नाहीत आणि रंगही बदलत नाहीत. त्यातले काही असं विष करून ठेवतात, जे उकळल्यावरही तसंच राहतं. म्हणून नाकाऐवजी घड्याळ वापरायचं.

हे जंतू साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वाढतात. ६० च्या वर त्यांची वाढ थांबते, ५ च्या खाली ती फार मंदावते. मधला सगळा टप्पा म्हणजे कोमट. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. बाहेरचा पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. आपल्याकडे मार्चपासून पाऊस लागेपर्यंत दुपारचा पारा ३२ च्या वरच असतो, आणि पत्र्याच्या खोलीत तर ऑक्टोबरातही. तेव्हा कुरुळीपुरता नियम असा धरा: थंडीत आणि पावसाळी रात्री दोन तास, एरवी एक तास.

हे कोमट तास साठत जातात. सकाळी नऊला केलेली भाजी तासभर ओट्यावर राहिली, मग फ्रीजमध्ये गेली, दुपारी बाहेर काढून अर्धी वाढली आणि उरलेली अर्धा-पाऊण तास टेबलावर राहिली, की तिच्या खात्यावर दीड-पावणेदोन तास झाले. फ्रीजमध्ये पुन्हा ठेवल्याने आधीचे तास पुसले जात नाहीत. म्हणून अख्खं पातेलं बाहेर काढायचं नाही. लागेल तेवढंच वाटीत काढून गरम करायचं आणि पातेलं तिथेच ठेवायचं.

भाताचं प्रकरण

आपल्याकडे सगळ्यात कमी संशय भातावर घेतला जातो, आणि खरं तर तो सगळ्यात जास्त घ्यायला हवा. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते शिजवताना मरत नाहीत. भात कोमट झाला की ते जागे होतात, वाढतात आणि उलट्या करवणारं विष तयार करतात. हे विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. आपल्या प्रेशर कुकरमध्ये जेमतेम तेवढंच तापमान होतं. मग सकाळच्या फोडणीने काय होणार? ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात चिनी उपाहारगृहांतला फ्राइड राइस खाऊन लोक आजारी पडू लागले तेव्हा हा प्रकार ठळकपणे लक्षात आला. तिथे आदल्या रात्री भात शिजवून तसाच बाहेर ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी परतून द्यायचे. आपला फोडणीचा भात याहून वेगळा कुठे आहे?

फोडणीचा भात सोडा असं मी म्हणणार नाही. ती महाराष्ट्रावर मोठीच जबरदस्ती होईल. फक्त रात्रीचा भात कसा ठेवला ते बघा. सगळ्यात वाईट म्हणजे झाकण तसंच ठेवून ओट्यावर राहिलेला कुकर. जाड बुडाच्या बंद भांड्यात भात तासन् तास कोमट राहतो, म्हणजे आपणच बीजाणूंसाठी उबदार खोली करून दिलेली असते. त्याऐवजी जेवणं झाल्याबरोबर उरलेला भात ताटात किंवा परातीत पसरा, पंख्याखाली ठेवा आणि तासाभरात डब्यात भरून फ्रीजमध्ये टाका. असा भात दुसऱ्या दिवशी संपवा आणि एकदाच गरम करा. ब्रिटनची अन्नविषयक यंत्रणाही भाताला एक दिवसाचीच मुदत देते, एरवीच्या शिळ्या पदार्थांपेक्षा कमी. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात फोडणीला देऊ नका, कितीही मोकळा आणि छान दिसत असला तरी.

साबुदाण्याची खिचडी, भगर, उपमा, शेवया, उकडलेले बटाटे हे सगळे ओले आणि पिठूळ पदार्थ याच न्यायाने धरायचे.

मोठं पातेलं आणि आपले हात

दुसरा जंतू रश्श्यातला. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स मटण, चिकन, डाळ, उसळ अशा घट्ट पदार्थांच्या मोठ्या भांड्यांत वाढतो. त्याचेही बीजाणू शिजवून मरत नाहीत. ४३ ते ४५ अंशांच्या आसपास तो दर दहा मिनिटांनी दुप्पट होऊ शकतो. कागदावर हिशेब केला तर चार तासांत एकाचे दीड कोटीहून जास्त होतात. दहा लिटरचं पातेलं आतून निवायला किती वेळ लागतो हे ज्याने यात्रेचं जेवण केलं आहे त्याला ठाऊक असतं. वरून गार झालेलं असतं आणि डाव बुडवला की आतून वाफ येते. रात्री उकळून झाकून ठेवायचं आणि सकाळी पुन्हा उकळायचं, ही जुनी रीत त्यामुळे पुरेशी नाही. मधले सहा-आठ तास ते पातेलं जंतूंच्या आवडत्या तापमानातच असतं.

यावर एकच उपाय आहे, लवकर गार करणं. रस्सा उथळ भांड्यांत वाटून घ्या, थराची उंची दोन-तीन बोटांपेक्षा जास्त नको. ती भांडी थंड पाण्याच्या परातीत ठेवा, मधूनमधून ढवळा आणि पाणी कोमट झालं की बदला. आजी दुधाचं पातेलं पाण्यात ठेवायची तेच हे तंत्र. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, व्यावसायिक स्वयंपाकघरांसाठी घातलेली अट अशी आहे: ६० वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत, आणि तिथून ५ पर्यंत आणखी दोन तासांत. ‘गरम काही फ्रीजमध्ये ठेवू नये’ या समजापायी लोक अन्न चार-चार तास बाहेर ठेवतात. उकळतं पातेलं नको हे खरं, पण पाण्यात गार करून कोमट झालेलं भांडं खुशाल आत ठेवा. थोडं जास्त वीजबिल परवडतं.

तिसरा जंतू आपल्याच नाकात आणि हातावरच्या जखमेत असतो. स्टॅफिलोकॉकस शिजवल्यावर मरतो, पण शिजवून झाल्यावर हाताळलेल्या पदार्थांत पुन्हा शिरतो. खव्याची मिठाई, पनीर, हाताने कालवलेली कोशिंबीर, सोललेली अंडी ही त्याची ठिकाणं. त्याचंही विष उकळून जात नाही. कंपनीत बोट कापलेल्या माणसाने घरी येऊन पुरण वाटू नये. वाटायचंच तर पट्टी बांधून, वर हातमोजा घालून. पेढे-बर्फी विकत घेताना ट्रेवरची ‘या तारखेपूर्वी खावे’ ही पाटी वाचा. सुट्या मिठाईला ती १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीची झाली आहे, आणि सणाच्या गर्दीत ती नेमकी पुड्यांच्या मागे गेलेली असते.

फ्रीजमध्ये किती दिवस

नीट गार करून झाकून ठेवलेलं वरण, आमटी, उसळ, सुकी भाजी, चिकन-मटण यांना फ्रीजमध्ये तीन दिवस धरा. अमेरिकी खातं तीन ते चार दिवस म्हणतं. आपले फ्रीज छोटे आणि गच्च भरलेले असतात, दार सतत उघडलेलं असतं, म्हणून मी चौथा दिवस धरत नाही. ओल्या नारळाचं वाटण घातलेलं असेल तर दोन दिवस. नारळाची चटणी एक दिवस. मासे दुसऱ्या दिवशी संपवावेत. पुरणपोळी उन्हाळ्यात सकाळची रात्रीपर्यंतसुद्धा बाहेर नको, कारण आतलं पुरण ओलं असतं. कटाची आमटी दुसऱ्या दिवशी मुरून जास्त छान लागते हे मलाही मान्य आहे. ती फ्रीजमध्येही मुरते.

पोळी आणि भाकरी यांत पाणी कमी, म्हणून त्या एक दिवस बाहेर राहतात. शिळ्या भाकरीचा कुस्करा, फोडणीची पोळी हे निर्धास्त खा. पावसाळ्यात मात्र डब्यात बुरशी धरते. ठिपका दिसला तर तेवढा तुकडा काढून बाकीची पोळी खाऊ नका. बुरशीचे धागे दिसतात त्याहून खोल गेलेले असतात.

पुणे, पिंपरी आणि चाकण भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याची जुनी पद्धत आहे. वीज गेल्यावर दार उघडलं नाही तर फ्रीज चार तास पुरेसा थंड राहतो. भरलेला फ्रीजर अठ्ठेचाळीस तास तग धरतो, अर्धा भरलेला चोवीस. चार तासांच्या वर वीज गेली असेल तर दूध, भात, रस्सा, पनीर यांचे कोमट तास तिथून मोजायला लागा. बुधवारी रात्री फार शिजवून ठेवू नये, हे त्यातलं साधं शहाणपण.

खोलीत फ्रीजच नाही अशी मुलं या पट्ट्यात हजारोंनी आहेत. त्यांना वरचं बरंचसं लागू नाही. मेसचा डबा सकाळी अकराला येतो आणि त्यातलं अर्धं रात्रीसाठी राखलं जातं. राखायचंच असेल तर पोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं राखा. भात, आमटी, भाजी दुपारीच संपवा. रात्री सोबत काकडी, केळं किंवा दुकानातून ताजं दही. रश्श्याची वाटी उरवून काही बचत होत नाही, एका दिवसाची रजा त्या डब्याहून महाग पडते.

शिफ्टच्या डब्याचं गणितही असंच. दुपारी अडीचला निघालेला डबा सात-साडेसातला उघडतो, आणि मधला काही वेळ तो उन्हात लावलेल्या दुचाकीच्या डिकीत असतो. भात-वरण यासाठी नाही. पोळी किंवा भाकरी, ठेचा, तेलावर कोरडी परतलेली भाजी हे ठीक. गावाकडचे लोक प्रवासाला दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या का नेत, ते आता कळेल. गरम राहणारा डबा घ्यायचा तर चांगला घ्या. आधी त्यात उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवा, ते ओतून टाका आणि खळखळती आमटी काठोकाठ भरा. उघडताना तोंड भाजेल इतकी गरम असेल तर डबा कामाचा. नुसती कोमट निघत असेल तर तो डबा साध्या डब्याहून वाईट, कारण तो अन्न नेमकं जंतूंना हवं तेवढंच गरम ठेवतो. अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना कॅन्टीन ठेवायला लावण्याची तरतूद नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात होती. कॅन्टीनमध्ये डबे ठेवायला एक फ्रीज मागणं ही काही मोठी मागणी नव्हे.

पाहुण्यांच्या पानात

घरच्या माणसांना शिळं वाढताना आपल्याला ते कधीचं आहे हे माहीत असतं, आणि त्यांची पचनशक्तीही माहीत असते. पाहुण्यांचं तसं नाही. आलेल्या सुनेला दिवस गेलेत का, मामांना मधुमेह आहे का, कोणाचं किमोथेरपीचं औषध चालू आहे का, हे आपण विचारत नाही आणि ते सांगत नाहीत. वर ते जेवून लगेच नाशिकच्या एसटीत बसणार असतात. म्हणून पाहुण्यांसाठी माझी मुदत घरच्यापेक्षा कडक आहे. त्याच दिवशी शिजवलेलं, किंवा आदल्या दिवशीचं असेल तर थेट फ्रीजमध्ये गेलेलं आणि आता पुरतं उकळलेलं. आदल्या दिवशीचा भात, मासे, पनीर किंवा खव्याचं काही मुळीच नाही. आणि शिळं असेल तर सांगून वाढावं. ‘कालची उसळ आहे, चालेल ना?’ म्हणण्यात कमीपणा नाही, गर्भार बाईला तेवढ्याने नको म्हणता येतं.

गरम करणं म्हणजे कडेला बुडबुडे दिसणं नव्हे. मध्यभागी उकळी फुटली पाहिजे, ढवळल्यावर पुन्हा फुटली पाहिजे आणि ती दोन मिनिटं टिकली पाहिजे. एफएसएसएआय आतून ७५ अंश, दोन मिनिटं, असं सांगतं, आणि उकळतं पाणी ओतून अन्न ‘गरम’ करायला स्पष्ट मनाई करतं. आमटी वाढवायला पाणी घातलं तर त्यानंतर पुन्हा उकळी हवी. कोथिंबीर, कांदा, ओलं खोबरं वाढताना घाला. मायक्रोवेव्हमध्ये मध्येच काढून ढवळा, नाहीतर कडा भाजतात आणि मध्य गार राहतो.

खरं सांगायचं तर अचानक आलेल्या पाहुण्यांसाठी पिठलं-भात आहे. वीस मिनिटं लागतात, आणि कालच्या रश्श्यापेक्षा कोणालाही तेच आवडतं.

महामार्गालगतच्या मंगल कार्यालयांत रात्री अकराला पंगत उठल्यावर उरलेलं अन्न वॉचमन, सफाई कामगार, जवळच्या खोल्यांतली मुलं यांना दिलं जातं. भावना चांगली असते. पण तो मसालेभात दुपारी चारला शिजलेला असतो, आणि कढईखालची शेगडी कधीच विझलेली असते. जे आता वरमाईच्या पानात वाढायला धजणार नाही, ते वॉचमनच्या पिशवीतही घालू नये. द्यायचंच असेल तर पंगत चालू असतानाच, गरम असताना, वेगळं काढून द्या. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्यासाठी २०१९ साली केंद्राने नियम केले आहेत. अशा संस्थेला बोलवायचं तर लग्नाच्या आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

सप्ताह आणि यात्रा

२० फेब्रुवारी २०२४ रोजी बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात, सोमठाण्याच्या हरिनाम सप्ताहात एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसं एकाच रात्री आजारी पडली. रुग्णालयात खाटा पुरल्या नाहीत. माणसं बाहेर जमिनीवर झोपलेली आणि सलाइनच्या बाटल्या दोरीला टांगलेल्या, ही छायाचित्रं राज्यभर पोहोचली. त्याच महिन्यात नांदेडच्या लोहा तालुक्यात महाप्रसादानंतर सुमारे दोन हजार लोकांना त्रास झाला होता. आपल्या खेड तालुक्यातही त्याच वर्षी एप्रिलमध्ये एका निवासी शिकवणी केंद्रातल्या पन्नासहून अधिक मुलांना जेवणानंतर त्रास झाला.

आळंदी हाकेच्या अंतरावर असल्याने या भागात सप्ताह, काला, दिंड्यांचा पाहुणचार बाराही महिने असतो. हजार माणसांचं जेवण म्हणजे घरचंच जेवण मोठ्या मापात, असं समजू नका. मोठ्या भांड्यांत सगळे धोके एकत्र येतात. भगरीची तर आणखी एक गोष्ट: दमट हवेत तिच्यावर बुरशी वाढते आणि पिठावर ती अधिक सहज वाढते. म्हणून भगर सुटी नको, बंद पाकिटातली घ्या. पीठ हवं तेवढंच आणि लगेच दळा. बाकी मंडळाने चार गोष्टी ठरवून टाकाव्यात. पहाटे सगळं एकदम शिजवण्यापेक्षा पंगतींच्या वेळा धरून दोन-तीन घाण्यांत शिजवावं. शिजल्यावर भांडं मंद आचेवरच राहावं. आधीच्या घाण्यातलं उरलेलं नव्यात ओतू नये, कारण त्याने अख्खं पातेलं जुनं होतं. आणि प्रत्येक भांड्यावर शिजल्याची वेळ खडूने लिहावी. उशिरा आलेल्या भाविकाला रात्री अकराला सकाळचा प्रसाद आग्रहाने भरवू नका, त्याला केळं किंवा साखर-फुटाणे द्या.

त्रास झालाच तर

खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा तयार विषाचा परिणाम, आणि आठ ते सोळा तासांनी पोटात कळा येऊन जुलाब लागले तर बहुधा रश्श्यातल्या जंतूचा. दोन्हींत पहिलं काम पाणी भरून काढणं. मेडिकलमधली ओआरएसची पुडी सगळ्यात बरी, पाकिटावर लिहिलं आहे तेवढ्याच पाण्यात. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. उलटी होत असेल तर घोट-घोट द्या. जुलाब थांबवायची गोळी मुलांना देऊ नका, ताप किंवा शौचात रक्त असेल तर मोठ्यांनीही घेऊ नका.

पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, शौचातून रक्त जात असेल, ताप १०२ च्या वर असेल, किंवा दिसायला अंधूक आणि बोलायला जड होत असेल तर थांबू नका. लहान मूल, गर्भवती आणि वृद्ध यांच्या बाबतीत तर पहिल्या काही तासांतच डॉक्टर गाठा. चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे, पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, आणि १०८ वर रुग्णवाहिका मिळते.

एकापेक्षा जास्त माणसांना त्रास झाला असेल तर उरलेलं अन्न घाईने फेकू नका. वाटीभर स्वच्छ डब्यात भरून, वर तारीख-वेळ लिहून फ्रीजमध्ये वेगळं ठेवा. ‘खाऊ नये’ असंही लिहा, नाहीतर मध्यरात्री सेकंड शिफ्टवाला ते गरम करून खाईल. कोणी काय, किती वाजता खाल्लं आणि त्रास केव्हा सुरू झाला हे कागदावर उतरवा. अन्न विकत घेतलेलं असेल तर पावती जपा आणि अन्न व औषध प्रशासनाला १८००२२२३६५ या निःशुल्क क्रमांकावर कळवा. अधिकारी आल्यावर तो डबा आणि तो कागद त्यांच्या हाती द्या.